मेश्रामकाकांची भेग

मेश्रामकाका कोणाच्याही घरी गेले की आधी भिंतीची विचारपूस करायचे, मग माणसांची. चप्पल काढायची, खिशातल्या नाण्यानं भिंतीवर टकटक करायचं, कान लावायचा आणि मगच "जय भीम" म्हणायचं. माझ्या पुतण्यासाठी मुलगी पाहायला अभनपूरला गेलो तेव्हा शेजारचे वडीलधारे म्हणून त्यांना सोबत नेलं, ही माझीच हौस. मुलगी पोहे घेऊन आली. काकांची नजर तिच्या डोक्यावरच्या खिडकीकडे. "पोट्टी छान आहे," ते तिच्या वडिलांना म्हणाले, "पण खिडकीवरची भेग काहून सोडली तुम्ही?" लग्न जमलं. भेगही बुजवली मुलीकडच्यांनी.

काकांची सारी नोकरी पुलांच्या खात्यात गेली. तेव्हा भेगेवर आडवी काचेची पट्टी सिमेंटनं चिकटवायचे. काच तडकली की भेग हलते आहे असं समजायचं. आता बिनतारी सेन्सर आले. त्यांचा मुलगा अमोल बंगळुरूला त्याच सेन्सरचं काम करतो, हे आमच्या तात्यापारा मोहल्ल्यातल्या एकूण एक पानठेल्याला ठाऊक आहे. मात्र काकांचं एक वाक्य ठरलेलं होतं : "रोज बोंबलणाऱ्या मशीनवर कोणी भरवसा ठेवत नाही, भैया." अमोल हेच ऐकत वाढला.

गेल्या वर्षी काकू गेल्या. अमोल आला, सगळं पार पडलं. जाण्याआधी त्यानं आमच्या दोन घरांमधल्या सामाईक भिंतीच्या भेगेवर, काकांच्या बाजूनं, साबणाच्या वडीएवढी सेन्सरची डबी बसवली. भेग मर्यादेपलीकडे रुंदावली की बापलेक दोघांचेही फोन वाजणार. एरवी अमोलला फोन करायला सवड नसायची. डबी वाजली की मात्र करायचाच.

आमच्या हिला दिवाळीच्या रंगाआधी ती भेग बुजवायची होती. काका ऐकेनात. "अजून हलून राहिली. हलती भेग भरली तर बाजूनं फुटते." म्हणणं शास्त्राला धरून होतं, पण ही वैतागली. "आपल्या बाजूनं तर तशीच्या तशी आहे. यांच्याच बाजूनं कशी हलते?"

ते मला एका दुपारी कळलं. मी वाटीभर भाजी द्यायला गेलो. दार उघडंच होतं. काका स्टुलावर उभे राहून डबीची भेग मोजणारी बारीक दांडी अंगठ्यानं सरकवत होते. मोबाइल कोकलला. ते घाईघाईनं खाली उतरले आणि फोन हातात घेऊन बसले. घंटी वाजली.

"पापा, दीवार ठीक है ना?"

"हव बेटा, थोडीशी हलली. मी पाहून राहिलो ना. तू जेवला काय? आवाज काहून असा येऊन राहिला तुझा, सर्दी झाली काय?"

मी वाटी ओट्यावर ठेवून परतलो. हिला पाहिलं ते सांगितलं, म्हटलं, रंग पुढच्या वर्षी.  तिनं डोळे पुसले आणि गवंड्याला नको म्हणून कळवलं.

दिवाळी झाली. एक दिवस काका मोबाइल घेऊन आले. "नेटवर्क गेलं काय पाहा ना, भैया. डबी वाजतच नाही." नेटवर्क ठणठणीत होतं. अमोलचा निरोप मात्र न वाचता पडला होता. मी वाचून दाखवला. 'पापा, झूठे अलार्म बहुत आ रहे थे, इसलिए लिमिट बढ़ा दी. आप ही ने सिखाया था ना.'

मला अमोलचा भयंकर राग आला. पण त्याचं चुकलं काय, ते सांगता येईना.

"बरोबर केलं पोट्ट्यानं," काका म्हणाले. "मीबी हेच केलं असतं."

"लावू का त्याला फोन?"

"नको. कामात राहते तो." दारापर्यंत जाऊन ते वळले. "गवंडी बोलवा तुम्ही. घ्या भरून."

भेग बुजली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काका आमच्याकडे आले, "जय भीम" म्हणाले आणि सरळ खुर्चीत बसले. नाणं खिशातच राहिलं. हिनं माझ्याकडे पाहिलं. मला राहवेना.

"काका, आमच्या जिन्याखाली नवी भेग दिसून राहिली. पाहता काय?"

जिन्याखाली भेग नव्हती.

काकांनी मानही वर केली नाही. "भरून टाका," ते म्हणाले.