बिजलीराणीला हळदीकुंकू

आईच्या जिनसेला आईला न विचारता हात लावू नये, एवढी साधी रीत पितांबरला चाळिशी उलटली तरी कळली नव्हती. धुरपदाबाई शेजारणीच्या शेवया वाळत घालून घरी आल्या, तर पत्र्याची पेटी सताड उघडी, आणि पेटीतली झाडून सगळी पुस्तकं लाल फडक्यात बांधून देव्हाऱ्यापुढच्या पाटावर! वर जास्वंदीचं फूल.

"हाई काय शे रे?"

"आई, हळू बोल. पाचोऱ्याची मंडळी सुनंदाला बघायला येताहेत. मुलीची आजी पोरांची चित्रांची पुस्तकं वाचते, हे कळलं तर काय म्हणतील? पेटी कुणीही उघडेल, देवापुढच्या पोथीला कुणी हात लावत नाही. कुणी विचारलं तर सांगायचं, पोथी आहे."

"पोथी? मन्ही बिजलीराणी तठे घोडावर बसेल शे!"

"बसू दे. एकदा हे स्थळ जमलं, की सगळं भिकनच्या गाडीवर रद्दीत घालतो. लग्नघरात हा पसारा नको मला."

धुरपदाबाईंनी पदर असा खोचला, की सून कमलबाई चहाची भांडी घेऊन मुकाट आत सरकली.

धुरपदाबाईंची शाळा दुसरीत सुटली होती. अक्षरं धड जुळायला लागली ती लग्नानंतर, आणि तीही चित्रांतल्या माणसांच्या तोंडून निघणाऱ्या फुग्यांमुळे. एका फुग्यात मावेल तेवढंच वाचायचं, मग चित्र बघत दम खायचा. पुढे त्याचा नादच लागला. अमळनेरच्या बाजारात बाकीच्या बाया बांगड्या भरायच्या, तेव्हा ह्या भिकन रद्दीवाल्याच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून बसायच्या. बिजलीराणीचा अगदी पहिला अंक तर त्यांनी भजीवाल्याच्या हातातून हिसकावला होता. एक पान फाडून त्यानं भजी बांधलीही होती. धुरपदाबाईंनी भजी खाल्ली, पान धुतल्यासारखं पुसून खळीनं जागच्या जागी चिकटवलं. तेव्हापासून त्या अंकाला हात लावायचा तर आधी हात धुवायचे, बोटाला थुंकी लावायची नाही, कोपरा मुडपायचा नाही.

पाहुणे आले. मुलाचे वडील चुडामणआबा यांनी बसल्या बसल्या आपल्या दुमजली घराचं, कापसाच्या जिनिंगमधल्या भागीचं आणि नव्या मोटरसायकलचं वर्णन सुरू केलं. त्यांच्या बायकोचं, बेबाबाईचं, तिकडे लक्ष नव्हतं. ती देव्हाऱ्याकडे बघत होती.

"पोथी शे का वं अक्का? कोन वाचस?"

"आईच वाचते. रोज," पितांबर घाईघाईनं म्हणाला.

"मंग एक अध्याय व्हऊ द्या. आमना घरमा पोथी आयकाबिगर सोयरीकनी बात नही करतस."

पितांबरचा चेहरा उतरला. "आज नको. आज आईचा उपास आहे."

"उपासलेच तं वाचतस पोथी!"

"म्हणजे... आईचा घसा बसलाय."

"हां," धुरपदाबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या, "सकायथीन बसेल शे."

"बरं, ऱ्हाऊ द्या. मी नुसतं हयदकुकू वाहस," असं म्हणून बेबाबाई उठली. तिनं हात जोडले, करंड्यातलं कुंकू तळहातावर घेऊन त्यावर पाण्याचे थेंब टाकले आणि डोळे मिटून फडक्याची गाठ सोडली. ओलं लालभडक बोट पुढे आलं. खाली बिजलीराणीचा पहिला अंक, उघडा! पितांबरनं डोळे मिटले. त्याला वाटलं, कुंकू लागेल, पण लाज तरी वाचेल.

"हात आवर!"

आबांच्या बशीतला चहा धोतरावर सांडला.

"डाग पडी ना!" असं म्हणत धुरपदाबाईंनी अंक उचलून छातीशी धरला. "पोथी नही, काही नही. चित्रासना पुस्तकं शेतस. मन्हा शेतस. मी वाचस."

बेबाबाईनं डोळे उघडले. बोट तसंच हवेत. पितांबर भिंतीला टेकला. आबांनी टोपी उचलली. "पितांबरराव, देवाच्या नावानं फसवता आम्हाला?"

"त्याले इचारा," धुरपदाबाई म्हणाल्या. "मी काय नही फसाडं. अध्याय आयकना व्हता ना? आयका मंग." आणि भिंतीला पाठ लावून त्यांनी वाचायलाच सुरुवात केली. एकेका फुग्यावर थांबत, पान फिरवून चित्र सगळ्यांना दाखवत.

"राजपुत्र म्हणाला, 'मी सात महालांचा धनी. माझ्या पागेत शंभर घोडे. मला वर.' बिजलीराणी म्हणाली, 'महाल राहू दे. तुझा घोडा तरी तुला ओळखतो का?'"

पुढच्या चित्रात घोड्यानं राजपुत्राला चिखलात टाकलं होतं. नेमकं ते भज्याचं पान. तेलकट डागामुळे चिखल भलताच खरा दिसत होता.

बेबाबाईनं आधी चित्र बघितलं, मग नवरा बघितला. "माय वं! हाऊ तं बठ्ठा तुमनासारखा शे!" असं म्हणून ती जी हसत सुटली, ती खालीच बसली. आतून सुनंदाचं हसू फुटलं. आबांनी टोपी पुन्हा गुडघ्यावर ठेवली.

"मंग पुढे काय व्हयनं?" बेबाबाईनं डोळे पुसत विचारलं.

पुढे काय झालं ते दुसऱ्या अंकात होतं. दुसरा झाला, तिसरा झाला. चहा पुन्हा झाला. शेवटी आबाच कंटाळून म्हणाले, "मुलगी पसंत आहे हो, पण आमची गाडी चुकेल." साखर वाटली गेली. बेबाबाई निघताना उंबऱ्यात थबकली.

"अक्का, ऊ पहिला अंक माले दी दे ना. पोऱ्याकडथीन वाची लिसू, नि परत धाडसू."

"नही."

"आते सोयरा शेतस आपण!"

"सोयऱ्यासले नात दिधी. आयकनं व्हयी तं आठे ये, वाची दाखाडसू."

बेबाबाईचा चेहरा पडला. पितांबर आईच्या कानाशी वाकला. "आई, देऊन टाक ना. एका पुस्तकापायी जमलेलं मोडेल. मग लोकांत मला लाजेनं तोंड दाखवायला..."

धुरपदाबाई कुजबुजणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी आबांसमोर, बेबाबाईसमोर, दारात जमलेल्या शेजारणींसमोर मोठ्यानं सांगितलं:

"पितांबर, लाज तुन्ही शे, ती तू संभाळ. पुस्तकं मन्हा शेतस, त्या मी संभाळसू."