शेजारची सीट वेगळी

आमचे शेजारी लिंबाजीराव धुकं विकत घेतात.

मी हे थट्टेनं म्हणत नाही. या हिवाळ्यात त्यांनी धुकं घेतलं, त्याआधी रात्र घेतली होती आणि रात्रीच्याही आधी हॉर्न. सगळं कॉम्प्युटरमधल्या ट्रक चालवायच्या गेमसाठी. खऱ्या धुक्याची आमच्या घनसावंगीत टंचाई नाही. थंडीत सकाळी गोदावरीच्या अंगानं असं दाटून येतं की पुढे चाललेला उसाचा ट्रॅक्टर दिसत नाही, आणि त्याचा कुणी पैसा मागत नाही. लिंबाजीरावांना मात्र विकतचं लागतं.

हा गृहस्थ तीस-एक वर्षं ट्रक ड्रायव्हर होता. शहागडच्या पुलावरून त्यांची गाडी देशभर गेली. पुढे साखरेच्या दुखण्यात डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली, क्लच दाबेना, गाडी विकली. पुण्याच्या भाच्यानं आपला जुना कॉम्प्युटर आणून दिला आणि त्यात हा गेम घालून गेला. मामांचा वेळ जाईल, एवढाच त्याचा हेतू होता. वेळ मामांचा जातो तसा माझाही जातो, हे त्याला कोण सांगणार?

लिंबाजीराव गेम खेळत नाहीत, गाडी चालवतात. सकाळी आंघोळ करून की-बोर्डला हात लावून नमस्कार करतात. मॉनिटरला दर शनिवारी नवी लिंबू-मिरची. पडद्यावर मोठा पूल आला की चिल्लर टेबलावर टाकतात, कारण नदी ओलांडताना पाण्यात नाणं टाकायची त्यांची जन्माची सवय. समोरून गाडी आली की दिवा मंद करतात. एकदा मी बोलायला गेलो तर हात वर करून मला थांबवलं, गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, बंद केली आणि मगच माझ्याकडे वळले. चालत्या गाडीत ड्रायव्हरशी बोलू नये, हे मलाच समजायला हवं होतं म्हणे.

नवा भाग आला की नारळ फुटतो. पहिला नारळ त्यांनी रिवाजाप्रमाणे गाडीपुढे, म्हणजे मॉनिटरपुढे फोडला. पाणी की-बोर्डात गेलं आणि ट्रक दोन दिवस फक्त डावीकडे वळत राहिला. तेव्हापासून नारळ उंबऱ्यात फोडतात.

या नव्या भागांनी माझं डोकं फिरवलं आहे. मूळ गेममध्ये एक ट्रक आणि एक रस्ता. बाकी सगळं मागून, इंटरनेटवरून, वेगळ्या पैशानं. पैसे भाचा पुण्याहून कार्डानं भरतो. इंटरनेट आमच्या गल्लीत फक्त माझ्याकडे आहे, फोनच्या तारेतून येणारं. म्हणजे दर रविवारी लिंबाजीराव पेनड्राइव्ह खिशात घालून माझ्या दिवाणखान्यात हजर.

मी पंचायत समितीत लेखा विभागात आहे. वस्तूची किंमत एकदा ठरली की ठरली, अशी मला सवय. मी त्यांना मांडून दाखवलं की मूळ गेमपेक्षा जोडकामाचा खर्च केव्हाच वर गेला आहे आणि शेवटची रक्कम कुठेच लिहिलेली नाही. ज्या कामाचं अंदाजपत्रक बंद होत नाही ते काम मी आमच्या कार्यालयात पुढे सरकू देत नाही.

त्यांना माझा राग नाही आला. उलट गेमवाल्यांवरचा त्यांचा राग माझ्यापेक्षा मोठा निघाला.

"भाऊसाहेब, नव्या ट्रकची आपण चासीच घेतो. नुसता सांगाडा. फळीवर बसून कारखान्यातून आणल्यात मी, डोक्यावर टप न्हाई. बॉडी मागून बांधायची, हे मला बराबर समजतं. पर मागच्या फळीचे, फाळक्याचे पैसे घेतल्यावर मिस्त्री उद्या येऊन बिजागिरीचे मागत न्हाई. हे लोक बिजागिरी येगळी इकून राह्यलेत."

"मग घेता कशाला?"

"बिजागिरीबिगर फाळका पडतो ना."

मी निमूट पेनड्राइव्ह लावला.

भाग उतरवून घेणं हा वेगळाच ताप. पडद्यावर टक्के हळूहळू वाढतात आणि लिंबाजीराव समोर मांडी घालून बसतात. टक्के ते वाचत नाहीत. त्यांच्या लेखी ती जालन्याहून शहागडला निघालेली गाडी असते. निम्मं झालं की म्हणतात, अंबड आलं. पुढे बराच वेळ गेला की वडीगोद्री. आमच्या घरात कुणी आतल्या खोलीतला फोन उचलला की इंटरनेट तुटतं आणि सगळं परत पहिल्यापासून. माझ्या मेव्हणीला रविवारीच बहिणीची आठवण येते. एकदा गाडी शहागडच्या वेशीत असताना बायकोनं फोन उचलला. लिंबाजीरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "जालन्याला आलो परत." पुढच्या रविवारपासून ते येताना एक फडकं आणू लागले आणि आल्या आल्या आतल्या फोनला गुंडाळू लागले. आमच्या घरात, आमच्या फोनला.

एक जोड मात्र त्यांनी घेतली नाही. पायाखाली ठेवायचे खरे क्लच-ब्रेक जोडता येतात, असं भाच्यानं कळवलं होतं. लिंबाजीरावांनी नको म्हणून सांगितलं आणि विषय बदलला.

माझा बांध फुटला तो मार्चमध्ये. वर्षअखेरीचं काम, रविवारीही कार्यालय उघडं. साहेबांनी मला घरी तासभर फोन लावला आणि तो लागला नाही, कारण लिंबाजीरावांचा सूर्यास्त उतरत होता. सोमवारी सगळ्यांदेखत साहेबांनी विचारलं, घरी टेलिफोन आहे की शोभेची वस्तू? मी त्या संध्याकाळी लिंबाजीरावांना स्पष्ट सांगितलं. बास झालं. तुमची गाडी आहे तेवढ्यावर चालवा. माझ्या फोनवर यापुढे काही उतरणार नाही.

ते पायरीवर बसले. मग म्हणाले, "एक राह्यलंय, भाऊसाहेब. तेवढं घेऊ द्या. मंग मी फोनकडं बघत बी न्हाई."

"आता काय? चंद्र?"

"शेजारची सीट."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. त्यांनी समजावून सांगितलं. गेममध्ये ड्रायव्हरच्या जागेवरून रस्ता दिसतो. बाजूला वळून बघितलं तर तिथं काहीच नाही, नुसता काळोख. सीट पाहिजे असेल तर तो भाग वेगळा. तो घेतला की तिथं बसल्यावर रस्ता कसा दिसेल तेही दिसतं.

"म्हणजे तुम्ही बसायची जागा विकत घेणार, आणि बसणार कुणी नाही."

"बघू," ते म्हणाले. "पर या सीटसाठीच बाकीचं समदं घेतलं. आधी रस्ते घ्या, मंग रात्र घ्या, धुकं घ्या, तवा कुठं हे लोक सीट देऊन राह्यलेत. आता दारात आल्यावर परत पाठवू नका."

मी म्हणालो, हे शेवटचं. ते म्हणाले, बिलकुल शेवटचं. रविवारी मेव्हणीला आधीच सांगून ठेवलं. गाडी अंबडला थांबली नाही, वडीगोद्रीला अडली नाही, दुपारी शहागडला पोचली. लिंबाजीराव पेनड्राइव्ह घेऊन गेले.

आणि आलेच नाहीत.

एरवी नवा भाग घेतला की दुसऱ्या दिवशी तक्रार ठरलेली. रात्रीत चांदण्या नाहीत, हॉर्न रिक्षासारखा वाजतो. या वेळी आठवडा गेला, पुढचा रविवार कोरडा गेला. मला शांत वाटायला हवं होतं. पण दर रविवारी येणारा माणूस आला नाही की जीव थाऱ्यावर राहत नाही. दुपारी मी त्यांच्याकडे गेलो. दार उघडंच होतं.

लिंबाजीराव कॉम्प्युटरपुढे होते. त्यांच्या डाव्या हाताला दुसऱ्या खुर्चीत कौसाबाई, त्यांची बायको, बसल्या होत्या. ठेवणीतलं लुगडं नेसलेल्या, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीवर दोन्ही हात, एस.टी.त बसतात तशा. पडद्यावर डोंगरातला रस्ता होता, पण तो ड्रायव्हरच्या जागेवरून दिसतो तसा नव्हता. शेजारच्या सीटवरून दिसतो तसा होता. त्यामुळे लिंबाजीरावांना स्वतःच्या बाजूचं काहीच दिसत नव्हतं. ज्यांनी जन्मात कुणाच्या गाडीला ओरखडा काढला नाही ते दर वळणाला कठड्याला घासत होते.

"तुमच्या बाजूनं घ्या ना," मी म्हणालो. "असं कसं चालवता येईल?"

"मंग तिला कसं दिसंल?"

कौसाबाईंनी मला पिशवीतून दशमी काढून दिली. "बसा भाऊसाहेब. आता घाट लागलाय. इतकी वरसं गाडी चालवली, मला एकदा बी बसवलं न्हाई. यांना गाडी शिकवली त्या वस्तादानं सांगितल्तं म्हणं, घरची बाई केबिनमध्ये घेऊ नको. जाऊन आले की मला सांगायचे, इथं असा घाट, तिथं तसा पूल. मी इथं चुलीपाशी बसून ऐकायची. आता जाऊ म्हणलं तर यांचा पाय आन् माझे गुडघे."

लिंबाजीराव रस्त्याकडे बघत होते. त्यांनी मला बोलू दिलं, बायकोलाही बोलू दिलं, गाडी कडेला घेतली नाही.

उजवं वळण आलं. कौसाबाई खुर्चीत डावीकडे कलल्या आणि त्यांनी टेबलाची कड धरली. त्यांनी धरली तशी लिंबाजीरावांनी गाडी हळू केली.

"समुद्र कधी येतो ओ?" कौसाबाईंनी विचारलं.

लिंबाजीरावांनी गाडी आणखी हळू केली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्यो ह्याच्यात न्हाई. त्यो येगळा घ्यावा लागतो."

लिंबाजीरावांनी मला काही मागितलं नाही. शेवटचं म्हणजे शेवटचं, तो शब्द त्यांनी दिला होता आणि ते पाळणार होते.

"रविवारी लावू," मी म्हणालो. "सकाळी जरा लवकर या."

कौसाबाईंनी पिशवी मांडीवर सारखी केली. "काही जल्दी न्हाई," त्या पडद्याकडे बघत म्हणाल्या. "येऊ द्या सावकाश. मला कुठं उतरायचंय?"