बांबूवरचा गुलमोहर

अंगणात कोणतं झाड लावावं हा प्रश्न शास्त्रीय पद्धतीने सोडवता येतो, असं माझं ठाम मत आहे. सहा वर्षांपूर्वी मी तो तसाच सोडवला. फक्त त्यात बांबू वापरायला नको होता.

त्या वेळी मी वनस्पतिशास्त्र घेऊन नुकताच बी.एस्सी. झालो होतो आणि एडवणला घरी बसून नोकरीची वाट बघत होतो. तारापूरला अणुशक्ती केंद्र येणार, शिकलेल्या पोरांना तिथे कामं मिळणार, ही बातमी गावात रोज कुणीतरी नव्याने आणायचं. केंद्र येईपर्यंत हाताला काहीतरी काम असावं म्हणून घरच्यांनी माझं लग्न काढलं.

मुलगी पालघरची. दमयंती. बघण्याच्या कार्यक्रमात मोठ्यांचं बोलणं आटोपल्यावर तिचे वडील तिला म्हणाले, "तुला काही विचारायचंय?" अशा वेळी मुलीने खाली बघत मान हलवायची असते. दमयंतीने वर बघत विचारलं, "तुमच्या अंगणात फुलझाड कोणतं आहे?"

मी गारद झालो. करीन तर हिच्याशीच, असं त्याच क्षणी ठरवलं. अडचण एवढीच होती की आमच्याकडे फुलझाड नव्हतं. आमची वाडी नारळ, केळी आणि पानवेलींची. फुलाने यायचं ते फळाच्या वाटेवर असताना, असा दादांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, कायदा होता.

"दोन विचाराधीन आहेत," मी म्हणालो.

तिचे वडील शांतारामशेट. पालघरला त्यांची गवताची वखार. मुंबईच्या तबेल्यांना गवत पुरवायचे. ते म्हणाले, "पुढच्या रविवारी घर बघायला येतो. मग काय ते ठरवू."

मी दुसऱ्याच दिवशी मुंबईला जाऊन दोन रोपं आणली. एक गुलमोहर, एक नीलमोहर. दोन्ही रॉकेलच्या डब्यांत लावून ओट्यावर ठेवली. दादांनी एका रोपाकडे बोट दाखवलं.

"हे काय देतं?"

"फुलं."

"मंग?"

"मग शेंगा."

"खायच्या?"

"नाही."

"आनि हे दुसरं?"

"त्यालाही शेंगा येतात. त्याही खायच्या नाहीत."

"म्हंजे दोन्ही बी.एस्सी.च झालेली हायत," दादा म्हणाले आणि वाडीत निघून गेले.

मी मात्र पद्धतशीर विचार केला. गुलमोहराच्या फांद्या ठिसूळ, मुळं उथळ. नीलमोहराला खारा वारा मानवत नाही असं पुस्तकात होतं. पण त्या पुस्तकात एडवणचा वारा नव्हता, म्हणून मी तो मुद्दा सोडून दिला. उरला रंग. तांबडा बरा दिसेल की जांभळा? रोप वीतभर, झाड तीस फूट. वीतभर रोपाकडे बघून तीस फुटांवरचा रंग कसा ठरवणार? त्यासाठी प्रयोग हवा.

मी दोन लांब बांबू एकाला एक बांधले, टोकाला विहिरीवरची कप्पी बसवली, तिच्यातून दोर ओवला आणि हे सगळं विहिरीच्या खांबाला जखडून उभं केलं. गुलमोहर म्हणून आईचं लाल लुगडं घेतलं. नीलमोहर म्हणून मंदाआत्याचं जांभळं.

"माझं लुगडं कशाला चढवतोस?" आत्या म्हणाली. "त्यापरीस मलाच चढव. गावाला तरी दिसेन."

रविवारी सकाळी गुलमोहर वर गेला. समुद्र आमच्या घरापासून सुरूच्या एका रांगेपलीकडे. वारा आला, लुगडं फुगलं आणि डोळ्यांपुढे खरंच मे महिन्यातला गुलमोहर उभा राहिला. ओट्यावर चहा पिता पिता दादासुद्धा म्हणाले, "बरं दिसतं रं." ती सकाळ, तो चहा आणि तो लाल रंग मला अजून दिसतो.

मग जांभळा रंग बघावा म्हणून मी दोर ओढला. दोर कप्पीवरून घसरला आणि मधल्या फटीत रुतला. लुगडं वर जाईना, खाली येईना. बांबू उतरवायला चार माणसं लागणार होती. चार माणसं कुठून आणावीत या विचारात मी होतो. तेवढ्यात चाळीस आली.

झालं होतं असं. आदल्या रात्री रेडिओने अरबी समुद्रात वादळ असल्याचं सांगितलं होतं. ते दूर निघून जाईल असंही सांगितलं होतं; पण बोटी जरा घाबरतच बाहेर पडल्या होत्या. अशा सकाळी किनाऱ्यावर उंच लाल बावटा दिसला. सगळ्या बोटी माघारी वळल्या. सगळ्यांत पुढे होता जानू तांडेल, कमरेपर्यंत भिजलेला.

"नरू, तार आली काय? वादळ कवा हाय?"

त्याच्या मागून त्याची बायको हिरा आली, डोक्यावर टोपली. "वालत घातलेलं बोंबील समदं गोला केलं आमी. अर्धं ओलंच भरलं. बोल लवकर."

"वादळ नाही, जानूदादा. हा गुलमोहर आहे."

"मंग ह्यो गुलमोहर कवा येतो?"

"मे महिन्यात."

जानूने मागे वळून आरोळी ठोकली, "अरे, ह्याच महिन्यात येतो म्हनतो! बोटी वर घ्या!"

अंगणात एकच गलका उडाला. कुणाला कुणाचं ऐकू येईना. शेवटी मी विहिरीच्या कठड्यावर चढलो, उजवा हात उंच केला आणि ओरडलो, "भावांनो, माझं ऐका!"

नेमक्या त्याच वेळी फाटकाशी बैलगाडी थांबली आणि गाडीतून शांतारामशेटनी आमचं घर बघितलं. वर लाल बावटा, खाली वल्ही घेतलेली चाळीस माणसं आणि मध्ये हात उंचावलेला जावई.

"गाडी वळव," ते गाडीवानाला म्हणाले.

मी कठड्यावरून उडी टाकून धावलो.

"तुम्ही लाल बावट्याचे आहात हे आधी सांगायला हवं होतं," शेट समोर बघत म्हणाले.

"मी वनस्पतिशास्त्राचा आहे."

"माझ्या वखारीसमोर याच बावट्याखाली अशीच माणसं उभी होती. असाच एक शिकलेला पोरगा उंचावर चढला होता. असाच हात वर करून."

"काय म्हणत होता?" मी विचारलं. कुतूहल हा माझा दोष आहे.

"गवत कापायची मजुरी वाढवा म्हणत होता. वाढवली मी. पण त्याला मुलगी नाही दिली."

मागे बघतो तर जानूच्या माणसांनी मदतीच्या भावनेने बांबूला दोर लावला होता आणि होडी ओढावी तसा तो खाली ओढत होते. बांबू आला. तो नेमका गाडीच्या वाटेवर आला आणि लुगडं फडफडत बैलांच्या तोंडावर पडलं. बैलांना लाल रंग आपल्यासारखा दिसत नाही, ते फडफडीला बुजतात, हे मी धावता धावता गाडीवानाला समजावून सांगितलं. त्याने ऐकलं नाही. बैलांनीही नाही. गाडी सुरूच्या रांगेतून थेट पुळणीवर गेली आणि ओल्या वाळूत चाकं रुतली. भरती येत होती.

मग चाळीस माणसांनी ती गाडी "हैसा, हैसा" करत बोटीसारखी वर ओढली. शेट एका हाताने टोपी धरून आत बसले होते. बैलांवरून उडालेलं लाल लुगडं त्यांच्या खांद्यावर होतं. ते बाजूला करायचं त्यांना सुचलंच नाही.

ओट्यावर त्यांना शहाळं दिलं. गाडी ओढता ओढता मी जानूला खरं काय ते सांगितलं होतं; तो पुढे झाला. "राव, पोरगा कोंच्या पार्टीचा नाय. त्याला झाड लावायचा हाय. तुमच्या पोरीनं इचारलं म्हून."

शेटनी माझ्याकडे बघितलं. "तिनं एकदा विचारलं, म्हणून हे सगळं?"

"हो."

त्यांनी शहाळ्याचा एक घोट घेतला. मग म्हणाले, "तिच्या आईने लग्नानंतर अंगणात चाफा मागितला होता. मी हो म्हणालो. जागा अजून रिकामी आहे." त्यांनी शहाळं खाली ठेवलं. "मुलगी दिली. पण लाल झाड नको."

"लालच लावा, राव," जानू म्हणाला. "दर्यावरनं काय दिसत व्हतं ते! कोन चुकनार नाय."

"मग तुझ्या दारात लाव," शेट म्हणाले.

अशा रीतीने, संपूर्ण शास्त्रीय विचारांती, आमच्या अंगणात नीलमोहर लागला आणि गुलमोहर जानूच्या दारात गेला.

लग्नानंतर चार दिवसांनी मी दमयंतीला मोठ्या अभिमानाने नीलमोहराचं रोप दाखवलं.

"फुलं कधी येतील?"

"पाच-सहा वर्षांनी."

"वेणीत घालता येतात?"

"नाही. तोडली की लगेच मलूल होतात."

"देवाला?"

"वाहत नाहीत सहसा."

"मग मी फुलझाड कशासाठी विचारलं असेल, असं वाटलं तुम्हाला?"

तिने रोपाचा रिकामा झालेला रॉकेलचा डबा धुतला आणि शेजारणीकडून अबोली आणून त्यात लावली.

आता मी तारापूरला प्रयोगशाळेत आहे. महिन्यातून एखादा रविवार एडवणला काढतो. जानूचा गुलमोहर गेल्या वर्षी पहिल्यांदा फुलला. तो पेटला की बोटी वर घ्यायचे दिवस जवळ आले, हे आता पोरंही सांगतात. "नरूचं लुगडं फुललं," म्हणतात. संध्याकाळी पुळणीवरून ते झाड दिसतं तेव्हा मला ती सगळी माणसं आठवतात, आणि आता नसलेली आईसुद्धा. ते लुगडं तिने पुढे सणासुदीलाच नेसलं, वाळूचे डाग होते तरी.

आमच्या नीलमोहराला मात्र एडवणचा वारा मानवला नाही. पुस्तकातलं खरं होतं. उंच झाला, पण फूल नाही.

गेल्या रविवारी दादा ओट्यावर चहा पीत होते. दमयंती डब्यातली अबोली तोडत होती. दादांनी तिच्या ओंजळीकडे बघितलं, मग नीलमोहराकडे, मग माझ्याकडे.

"तुला तरी नोकरी लागली," ते म्हणाले. "हा दुसरा बी.एस्सी. अजून घरीच बसलाय."