दाबा, धरा, सोडा

आज संध्याकाळपासून आपली जीप म्हणाल तिथे थांबेल, असं बापूंनी सकाळच्या चहाला जाहीर करून टाकलं. "नुसतं बोट टेकवायचं पेडलला. पाय लागणारच नाही!"

"भंगारवाला यायच्या आत थांबू दे म्हणजे झालं," बायको म्हणाली.

जीप जुनी होती, चारही चाकांना जोर असलेली, आणि कसलाही चढ ती हसत चढायची. थांबायच्या बाबतीत मात्र तिला स्वतःची मतं होती. गेल्या आठवड्यात बापूंनी फाटकापाशी ब्रेक दाबला, तर ती फाटक ओलांडून, वाळत घातलेली चादर डोक्यावर घेऊन, पाण्याच्या टाकीला जाऊन टेकली. चादर मुक्कामाला आलेल्या सासूबाईंची होती. बायकोने त्याच दुपारी भंगारवाल्याला फोन केला. रविवारी, म्हणजे आज, संध्याकाळपर्यंत जीप थांबायला शिकली तर राहील, नाहीतर जाईल.

आणि बापूंचा त्या जीपवर जीव होता. ऑफिसात त्यांचं कुणी ऐकत नसे, घरात तर विचारूच नका. जीप निदान किल्ली फिरवली की सुरू तरी व्हायची.

म्हणून आठवडाभर खपून त्यांनी पुढच्या चाकांचे जुने ड्रम काढले आणि नवे डिस्क ब्रेक बसवले. आता फक्त चारही चाकांच्या नळ्यांमधली हवा काढायची राहिली होती. त्याला दोन माणसं लागतात. वरच्याने पेडल दाबून धरायचं, खालच्याने चाकामागचा स्क्रू सैल करून हवा आणि तेल बाहेर काढायचं, स्क्रू पुन्हा आवळायचा, आणि मगच वरच्याने पाय उचलायचा. मध्येच पाय उचलला की हवा परत आत, आणि सगळी मेहनत पाण्यात.

खालचे बापू. वरचं कोण? बायको जीपला हात लावायला तयार नव्हती, सासूबाई चादरीवरचे डाग काढत होत्या. राहिले सासरे, अण्णा.

अण्णांनी सगळी नोकरी क्रेन चालवण्यात घालवलेली. त्यांना रिकामं बसवत नसे. ते आनंदाने सीटवर चढून बसले. "तुम्ही फक्त सांगा जावईबापू. खालच्याचा हुकूम तो हुकूम."

बापू जीपखाली सरपटले.

"दाबा!"

अण्णांनी दाबलं.

"धरा!"

अण्णांनी धरलं. बुडबुडे आले, स्क्रू आवळला. झकास.

"सोडा!"

वर सीट कुरकुरली. मग दार वाजलं. मग चपला घराकडे गेल्या. बापू चक्रावले. त्यांनी पुन्हा "दाबा" म्हणून पाहिलं, पण दाबायला वर कुणी नव्हतंच. थोड्या वेळाने चपला परत आल्या आणि अण्णांचा चेहरा चाकाशेजारी खाली वाकला.

"ही विचारतेय, खायचा की धुण्याचा?"

"काय?"

"सोडा."

"अहो अण्णा, सोडा म्हणजे पाय सोडा!"

"पाय सोडून बसू? मग पेडल कोण दाबणार?"

"पायाखालचं पेडल सोडा!"

"हां, हां." अण्णांनी बराच विचार केला. "मला वाटलं ग्रीसचे हात धुवायला मागताय. पण चूक तुमची आहे बरं का. कामावर कुणी अहो-जाहो करतं का? आम्ही क्रेनवर आदर दाखवत बसलो असतो तर खालचा माणूस चपटा झाला असता. दाब, धर, सोड. मला तसंच सांगायचं."

"तुम्हाला? अरे-तुरे?"

"हुकूम समजा. आणि तुमच्या तोंडून सोड आल्याशिवाय माझा पाय हलायचा नाही. दुसऱ्या कुणाचं मी ऐकत नसतो."

पहिला "दाब" बापूंच्या तोंडून चोरासारखा बाहेर पडला. दुसरा जरा बरा. तिसऱ्या चाकापर्यंत त्यांना चव लागली. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्यांचं जसंच्या तसं ऐकत होतं, आणि तेही सासरे! बापू जीपखाली आडवे पडले होते, पण मनाने खुर्चीत बसले होते.

"दाब! अरे, नीट दाब! अंगात जोर नाही का? धर आता. धर म्हटलं ना! मध्येच सोडलंस तर बघ, गाठ माझ्याशी आहे!"

शेवटचा स्क्रू आवळून त्यांनी "सोड" म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात कुणीतरी त्यांचा पाय धरून त्यांना खसकन बाहेर ओढलं. समोर बायको उभी होती. तिच्यामागे सासूबाई, आणि त्यांच्या हातात ती चादर.

"माझ्या वडिलांना अरे-तुरे करता?"

"ते... त्यांनीच सांगितलं."

"ते काहीही सांगतील. तुम्ही ऐकायचं?"

सासूबाई आत जाऊन बॅग भरायला लागल्या, ते जास्त वाईट होतं.

"पुन्हा बाबांशी त्या तोंडाने एक शब्द बोललात, तर जीपबरोबर तुम्हालाही उचलून न्यायला सांगेन," बायको म्हणाली. बापूंनी गळ्याला हात लावून शपथ घेतली आणि माफी मागायला सासूबाईंच्या मागे आत धावले. ब्रेकमधली हवा गेलीच होती, आता बापूंचीही गेली.

माफी मागता मागता संध्याकाळ झाली. सासूबाई एक साडी बॅगेत ठेवत होत्या, बापू ती काढत होते. सोड्याचा यात काय संबंध हे काही त्यांना सांगता येईना, आणि सासूबाईंना ते कळेना. तेवढ्यात बाहेर ट्रक घरघरला.

भंगारवाला! बापू धावत अंगणात आले तर जीपला साखळी लागलेली. बायकोचे डोळे अजून लाल होते. "घेऊन जा," असं तिने सांगूनही टाकलं होतं. जीपमध्ये अण्णा ताठ बसलेले पाहून, म्हातारबाबा स्टिअरिंग धरायला बसले असतील, असं समजून भंगारवाल्याने ट्रक पुढे घेतला.

साखळी ताणली. जीप हलली नाही. भंगारवाल्याने आणखी जोर लावला. ट्रकची चाकं जागच्या जागी फिरली, धूळ उडाली, शेवटी साखळीच ताडकन तुटली. जीप जिथे होती तिथेच.

भंगारवाला उतरला आणि साखळीचं तुटकं टोक बायकोसमोर धरलं. "ताई, हिला ब्रेक नाहीत म्हणाला होतात ना?"

बायको जीपकडे बघत राहिली. मग बापूंकडे. मग हळूच म्हणाली, "राहू द्या. गाडी द्यायची नाही."

बापूंच्या डोळ्यांत पाणीच आलं. ट्रक गेला. बायकोने जीपचं दार उघडलं. "बाबा, उतरा आता. चहा टाकलाय."

अण्णा घामाने निथळत होते. मांडी थरथरत होती. "दुपारपासून 'धर'वर आहे. खालच्याचा हुकूम आला नाही."

"अहो, सांगा ना त्यांना!" बायको म्हणाली.

बापूंनी शपथ आठवली. दारात बॅग घेऊन उभ्या असलेल्या सासूबाईंकडे पाहिलं. मग हात जोडून, कमरेत वाकून, जमेल तितक्या आदराने ते म्हणाले, "अण्णा, आता सोडा."

अण्णांनी पाय तसाच ठेवून मान वळवली आणि दाराकडे हाक मारली.

"अगं, धुण्याचाच आण."