गच्चीवरचं धुकं

"धुक्यासाठी डोंगर कशाला चढायचा? माझी गच्ची चढा!" असं फोटोवाला प्रत्येक गिऱ्हाइकाला छातीठोकपणे सांगायचा. छाती ठोकली की खोकला यायचा, ही गोष्ट वेगळी!

स्टुडिओ चौथ्या मजल्यावर, वर गच्ची, खाली सहा रस्त्यांचा चौक. सकाळी बस, ट्रक आणि रिक्षांचा धूर एकमेकांच्या गळ्यात गळे घालून वर यायचा आणि कठड्यावर सायीसारखा धरायचा. समोरच्या इमारती विरघळायच्या, पाण्याच्या टाक्या तरंगायच्या, सूर्य लाजऱ्या पाहुण्यासारखा दारातच घुटमळायचा. लग्न ठरलेली जोडपी तिथं उभी राहिली की थेट स्वर्गात! रोज उभी राहिली असती, तर खरोखरच.

बायको मात्र मास्क लावल्याशिवाय गच्चीत पाऊल टाकत नसे.

"अहो, जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर बसता, तिसऱ्यावर बसता. वर पोचल्यावर गिऱ्हाईकच तुम्हाला पाणी पाजतं! डॉक्टर काय म्हणाले? एक्स-रे खराब आला तर गच्ची बंद."

"म्हणून तर काढत नाही!"

आणि एका सकाळी घात झाला. रात्रभर वारा सुटला होता. आकाश निळंशार, पार क्षितिजापर्यंतच्या टाक्या मोजून घ्याव्यात!

"काका, ढग कुठायत?" नटूनथटून आलेल्या नवरीमुलीनं विचारलं.

"निघालेत. वाटेत आहेत."

फोटोवाल्यानं पत्र्याच्या टबात ओले पुठ्ठे कोंबले, वर जुनी गादी फाडून घातली आणि काडी लावली. आधी एक निळसर धागा उठला. मग दुसरा. मग सगळी गच्ची हलकेच जमिनीवरून सुटल्यासारखी झाली.

"आहाहा! आता श्वास रोखा आणि हसा!"

माणसाला यातलं एकच काहीतरी जमतं. नवरदेव खोकला.

"खोकू नका हो, स्वप्न हलतं!"

"आग! आग!" शेजारच्या गच्चीवरच्या बाईंनी कपडे भिजवलेल्या बादलीतलं पाणी भिरकावलं. टब राहिला बाजूला, नवरदेव साबणानं न्हाला! उरलेलं पाणी टबात पडलं आणि धूर दुप्पट झाला.

"सुरेख!" म्हणत फोटोवाला फोटो काढतच राहिला. हळूहळू आवाज लांब गेले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आपण कॅमेऱ्याच्या मागे नसून फोटोच्या आत आहोत, असं त्याला वाटलं. मग तो आडवा झाला.

डोळे उघडले तेव्हा तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, उशाशी बायको आणि डॉक्टर. समोर उजेडाच्या पेटीवर एक काळी फिल्म लावलेली. फोटोवाल्याची नजर तिच्यावरच खिळली.

"वा! काय धुकं आहे! पहाटेचं दिसतंय. दोन्हीकडे दऱ्या, मधे एकटं झाड... डॉक्टर, ही जागा कुठली?"

डॉक्टरांनी त्याच्या छातीवर बोट टेकवलं.

फोटोवाला कोपरावर रेलून उठला. मग बारीक आवाजात म्हणाला, "हे जरा पुसता येईल का? मी पुसतो ना, लोकांच्या चेहऱ्यावरचे डाग..."

"फिल्मवरचं येईल," डॉक्टर म्हणाले.

बायकोनं शांतपणे गच्चीची किल्ली आपल्या पर्समध्ये टाकली. फोटोवाल्यानं मास्क नीट बसवला आणि आतूनच पुटपुटला, "तळमजल्यावरही उजेड तसा बरा असतो म्हणा."