पन्नासावर अडलेला काटा

"बारा दिवस झाले की गं. काटा अजून पन्नासावरच?" शिवप्रकाशनं बायकोच्या वहीत डोकावत विचारलं.

"मलाही तेच कळेना!" धनश्रीनं वही आपटली.

गंगाखेडात घरबसल्या औषधांच्या चाचण्यांचे आकडे तपासणाऱ्या धनश्रीनं घरातही एक चाचणी लावली होती. त्यांचा दोन महिन्यांचा वरद संध्याकाळचे सहा वाजले की पाय पोटाशी घेऊन रडे. सासूबाईंचा, भागम्मांचा, भरवसा ओव्याच्या शेकावर. धनश्रीचा डॉक्टरांच्या थेंबांवर. म्हणून दोन्हींवर निम्मा-निम्मा विश्वास धरून सुरुवात करायची, रोज ज्याची चिठ्ठी निघेल तो एकच उपाय करायचा आणि रडण्याची मिनिटं बघून विश्वासाचा काटा सरकवायचा. कुठल्याही बाजूनं पंच्याण्णव टक्के झाले की चाचणी तिथंच बंद; लेकराला एक दिवसही जास्त त्रास नको. भागम्मा लगेच राजी झाल्या. इष्टलिंगाची पूजा करून उचललेली चिठ्ठी म्हणजे त्यांच्या लेखी कौलच!

पण ओवा असो की थेंब, रडणं वीसच मिनिटं. काटा हलेल कसा?

आज चिठ्ठी थेंबांची होती. साडेपाचला धनश्री स्वयंपाकघरात गेली, तर भागम्मांपुढं तव्यावर ओवा तडतडत होता.

"आत्या, आज थेंबांचा दिवस आहे!"

"मग दे की थेंब. मी कुटं न्हाई म्हनायलेय?"

"आणि हा ओवा?"

"ते रोजचंच हाय."

"रोजचं? अहो, सगळी चाचणी नासवलीत! कौल मानता ना तुम्ही?"

"कौल देवाचा, नातू माजा. लेकरू रडायलंय आन् मी चिठ्ठी बगत बसू?"

"इतकी साधी शिस्त पाळवत नाही? बारा दिवसांची मेहनत मातीत घातली!" धनश्रीचा आवाज गल्लीत पोचला.

"लय बोलू नको. परवा ओव्याचा दिवस व्हता. पाठमोरी होऊन पोराच्या तोंडात काय घालायलतीस?"

धनश्री अडखळली. "ते... फार कळवळत होता तो."

"आन् त्याच्या आदल्या ओव्याच्या दिवशी?"

"तेव्हाही कळवळतच होता!"

"म्हणजे रोज दोन्ही?" शिवप्रकाश दारातून म्हणाला.

"तुम्ही मध्ये पडू नका!" "तू गप रे!"

पुन्हा जुंपली. आधी कुणी फसवलं, इथपासून कुणाच्या माहेरी काय चालतं, इथपर्यंत.

"अगं, पावणेआठ झालेत, आज तो रडलाच नाही," शिवप्रकाश शेवटी ओरडलाच.

दोघी पाळण्याकडे धावल्या. तवा कधीच गार पडला होता, थेंबांची बाटली उघडलीही नव्हती. वरद पंख्याकडे बघत मजेत मूठ चोखत होता.

"मग दोन्ही बंदच करायचं का?" शिवप्रकाशनं विचारलं.

"एका दिवसावरून काय ठरतंय?" सासू-सून एकदम कडाडल्या.