अण्णासोंच्या कथेचं पहिलं पान

शेवंताबाई दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या, तेवढ्यात त्यांची धाकटी बहीण झुंबरबाई हंबरडा फोडत गल्लीत शिरली. पहाटेच्या एसटीनं ती चंदगडहून आली होती. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून डोक्यावर भाकरीचं गठुडं होतं. दारातली बहीण बघून ती मटकन खालीच बसली.

"कोण गेलं गं?" शेवंताबाईंनी विचारलं.

"तू!"

हे सगळं कथालेखनाच्या वर्गामुळं झालं. शेवंताबाईंचे यजमान अण्णासो शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीतून निवृत्त झाले आणि दर रविवारी त्या वर्गाला जाऊ लागले. विजयसिंह सरांचे नियम पक्के होते. ज्याची भीती वाटते तेच लिहा. सुरुवात थेट घटनेपासून करा. पहिल्या खर्ड्यात खरी नावं ठेवा, मग बदला. आणि लिहिताना फोन बंद. फाउंड्रीत अण्णासोंनी साहेबाचं एवढं कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी पहिलं वाक्य लिहिलं, 'शेवंता बुधवारी सकाळी गेली.' गुरुवारी ते पान टाईप करायला बाळासोच्या हातात दिलं, आणि डोळे पुसत काही न बोलता निघून आले.

बाळासो त्यांचा जुना मित्र. टाईपिंग जोडधंदा, खरा धंदा फ्लेक्सचा. पहिल्या ओळीपुढं त्याला वाचवेना. मातीलासुद्धा जाता आलं नाही म्हणून अपराधी वाटलं, ते वेगळंच. त्यानं तिसरा दिवस धरून चौकात आठ फुटी बोर्ड उभा केला. 'रक्षाविसर्जन शुक्रवारी सकाळी नऊ वाजता.' फोटो पुतणीच्या लग्नातला घेतला, त्यामुळं कैलासवासी शेवंताबाई फेटा बांधून हसत होत्या. बोर्डाचा फोटो पावण्यांत फिरला. खात्री करायला अण्णासोंना फोन लावावा, तर तो बंद.

नऊपर्यंत अंगणात तीसेक माणसं जमली. जाऊबाई रस्त्यापासूनच सूर लावत आल्या, "लई गुणाची बाई, कुणाला कधी उलटून बोलली न्हाई..." समोर बघितलं आणि गप्पच झाल्या.

"का थांबलीस? बोल की पुढं!" शेवंताबाई म्हणाल्या. "एवढ्या वर्सांत एकदाबी बोलली न्हाईस."

हार घेऊन आलेला बाळासो घाबरून खिशातला कागद दाखवू लागला. "वैनी, आण्णानंच लिवलंय की ह्यात!"

शेवंताबाईंनी कागद घेतला आणि बोट ठेवून सावकाश वाचला. पहिल्या ओळीला हसल्या. दुसरीवर बोट थांबलं. गलका ऐकून बाहेर येऊन जोत्यावर बसलेल्या अण्णासोंकडं त्यांनी बघितलं.

"डॉक्टरांनी सा म्हैनं सांगिटलंतं, असं लिवलंय. हेबी गोष्टीतलंच काय?"

अण्णासोंना खोटं बोलायचं होतं. कथालेखकाला तेवढं यायला हवं. पण त्यांना आलं नाही. झुंबरबाई आता आवाज न करता रडू लागली.

"भ्या वाटलं तर मला सांगायचं," शेवंताबाई हळू म्हणाल्या. "कागदाला कशाला सांगिटलासा?"

त्यांनी उरलेलं पान वाचलं. शेवटी लिहिलं होतं, ती गेल्यावर त्याला चहासुद्धा करता येईना. त्यांनी कागदाची घडी घालून कमरेला खोचली.

"उठा. आत चला."

"कशाला?"

"तीस माणसं आल्यात. च्या तुमी करायचा. मी बसून सांगती."

अण्णासोंनी तीन काड्या घालवून गॅस पेटवला, साखर हुडकली, पातेल्यात दूध ओतलं. डोळ्यांत पाणी साचल्यानं त्यांना पातेलं दिसेना.

"रडा की," मागून शेवंताबाई म्हणाल्या. "पर रडता रडता ढवळा. उतू चाललंय."